सिलिंडरला तारीख आहे, कॅमेऱ्याला का नाही?

२०१९ साली मला पहिली नोकरी लागली आणि दुसऱ्याच पगारातून मी वाईच्या घरात कॅमेरा बसवला. आजी तिथे एकटी राहते. आदल्या पावसाळ्यात ती मागच्या अंगणात घसरून पडली होती आणि शेजारच्या काकूंना कळेपर्यंत दीड तास तशीच पडून होती. आईबाबा ठाण्यात, मी पुण्यात. इंजिनिअर नातवाने काहीतरी करणं भागच होतं. अठराशे रुपयांचा, मान वळवणारा, अंधारातही दिसणारा, दोन्ही बाजूंनी बोलता येणारा कॅमेरा मी ऑनलाइन मागवला, माजघराच्या भिंतीवर ठोकला आणि सगळ्यांच्या फोनवर ॲप टाकून दिलं. घरात माझं फार कौतुक झालं.

आजीला तो कधीच आवडला नाही. संध्याकाळी देवापाशी दिवा लावून झाला की ती त्याच्यावर पंचा टाकायची. मी पुण्याहून फोन करायचो, "अगं आजी, तो पंचा काढ ना, काही दिसत नाही." ती म्हणायची, "मला पातळ बदलायचं असतं रे. कोणीतरी बघतंय असं वाटतं." मग मी तिला समजावायचो, की हे फक्त आपल्या घरच्यांना दिसतं, याला पासवर्ड आहे, एन्क्रिप्शन आहे. 'एन्क्रिप्शन' हा शब्द मी खरोखर वापरला होता. ती बिचारी पंचा काढायची.

गेल्या दिवाळीत वाईला गेलो तेव्हा माझा फोन नवा होता आणि त्यावर कॅमेऱ्याचं ॲप सापडेना. कंपनीच्या साइटवर शोधलं, तर आमचं मॉडेल विक्रीच्या यादीतून कधीच गेलेलं होतं. बऱ्याच खटपटीनंतर एका कोपऱ्यातल्या पानावर त्याचा नंबर सापडला. पुढे लिहिलं होतं, 'एंड ऑफ लाइफ, २०२१'. म्हणजे चार वर्षांपूर्वी हा कॅमेरा कंपनीच्या लेखी मेला होता. आम्हाला कोणी कळवलं नव्हतं. तो मात्र भिंतीवरून रोज मान वळवत होता.

मग जे काम २०१९ मध्येच करायला हवं होतं ते मी केलं. लॅपटॉप उघडून घरच्या वायफायवरून कॅमेऱ्याची दारं ठोठावून पाहिली. टेलनेट उघडं. आतला लिनक्स कर्नल ३.१० निघाला, म्हणजे २०१३ सालचा. आणि व्हिडिओचा थेट प्रवाह साध्या व्हीएलसी प्लेअरमध्ये पत्ता टाकल्यावर सुरू झाला. पासवर्ड मागितलाच नाही. मी मोठ्या अभिमानाने घातलेला बारा अक्षरी पासवर्ड ॲपच्या दाराला होता. मागचं दार सताड उघडं होतं. आमच्या वायफायचा पासवर्ड आळीतल्या निम्म्या पोरांना ठाऊक आहे, कारण क्रिकेटची मॅच असली की आजीच तो वाटते.

हा लेख त्या एका कॅमेऱ्याबद्दल नाही. मला एकच गोष्ट म्हणायची आहे आणि ती जरा चढ्या आवाजात म्हणायची आहे: इंटरनेटला जोडलेला कॅमेरा ही नाशवंत वस्तू आहे, ती कधी नासणार हे बनवणाऱ्याला माहीत असतं किंवा त्याने ठरवलेलं असतं, आणि तरीही तिच्यावर तारीख न छापता ती विकू दिली जाते. ही लबाडी आहे. तिचं खापर ग्राहकाच्या पासवर्डवर फोडणं ही त्याहून मोठी लबाडी आहे.

भिंतीवरचा कॉम्प्युटर

आपण त्याला कॅमेरा म्हणतो इथेच पहिली चूक होते. भिंग आणि सेन्सर हा त्यातला छोटा भाग. बाकी तो एक पूर्ण कॉम्प्युटर आहे: प्रोसेसर आहे, मेमरी आहे, बहुतेक वेळा लिनक्स आहे, वेब सर्व्हर आहे, मायक्रोफोन आहे. फरक इतकाच, की तुमच्या लॅपटॉपला दर महिन्याला अपडेट येतात आणि याला येत नाहीत. बारा वर्षांपूर्वीचं विंडोज वापरून बँकेचं काम करणाऱ्या माणसाला आपण वेड्यात काढू. मात्र तेवढंच जुनं सॉफ्टवेअर आपण बाळाच्या पाळण्यावर टांगतो.

अपडेट का येत नाहीत? कारण खोक्यावर ज्याचं नाव असतं त्याने ती वस्तू अनेकदा बनवलेलीच नसते. चिप एका कंपनीची, चिपसोबतचं मूळ सॉफ्टवेअर तिचंच, सर्किट बोर्ड दुसऱ्याचा, ॲप आणि क्लाउड तिसऱ्याचं, आणि स्टिकर चौथ्याचं. स्टिकरवाल्याकडे कित्येकदा सोर्स कोडही नसतो. मुळात एक भोक निघालं की ते शेकडो ब्रँडांत एकदम निघतं, आणि बुजवायची वेळ आली की प्रत्येक जण पुढच्याकडे बोट दाखवतो. २०१९ साली पॉल मॅरापीज या संशोधकाने 'आयलिंक पीटूपी' नावाच्या एका घटकातल्या त्रुटी जाहीर केल्या. शेकडो ब्रँडांच्या मिळून वीस लाखांवर यंत्रांत तो घटक होता.

तो घटक काय करतो हे समजून घेणं गरजेचं आहे, कारण आपल्याकडच्या घरांना त्याचाच धोका जास्त. भारतात बऱ्याच ठिकाणी केबलवाला किंवा इंटरनेट कंपनी अनेक घरं एकाच सार्वजनिक पत्त्यामागे बसवते. त्यामुळे बाहेरचा माणूस सरळ तुमच्या राउटरवर येऊन दार वाजवू शकत नाही. हे संरक्षण कोणी मुद्दाम दिलेलं नाही, पत्ते महाग पडतात म्हणून मिळालेलं आहे, पण आहे. मात्र तुम्ही पुण्यातून वाईचा कॅमेरा पाहता, याचा अर्थ ही भिंत ओलांडायची सोय कुठेतरी आहे. ती अशी: कॅमेरा स्वतःच बाहेरच्या एका सर्व्हरला फोन लावून बसतो, आणि तुमचं ॲप त्या सर्व्हरला कॅमेऱ्याचा क्रमांक सांगतं. सर्व्हर दोघांची गाठ घालून देतो. आता हा क्रमांक अंदाजाने ओळखता येण्यासारखा असेल, तर कोणीही तो सांगू शकतो. मॅरापीजला नेमकं हेच सापडलं होतं. पुढचा अडसर फक्त पासवर्डचा, आणि तो कारखान्यातून आला तसाच असेल तर तोही नाही.

मिराई म्हणजे भविष्य

आमच्या धंद्यात हे सगळं जुनं झालेलं आहे, हीच संतापाची गोष्ट आहे. २०१६ च्या सप्टेंबरमध्ये ब्रायन क्रेब्स या अमेरिकन पत्रकाराच्या साइटवर सेकंदाला सुमारे ६२० गिगाबिट इतका खोट्या रहदारीचा लोंढा आला. लोंढा पाठवणारी यंत्रं बहुतांशी घराघरांतली होती: कॅमेरे, डीव्हीआर, राउटर. त्यांच्यात शिरलेल्या प्रोग्रामचं नाव मिराई. जपानीत त्याचा अर्थ भविष्य. तो लिहिणारे पारस झा, जोसाया व्हाइट आणि डाल्टन नॉर्मन हे विशीतले तिघे तरुण. त्यांनी डिसेंबर २०१७ मध्ये गुन्हा कबूल केला. कोड त्यांनी आधीच जगजाहीर करून टाकला होता, आणि मग तो ज्याला हवा त्याने वापरला. २१ ऑक्टोबर २०१६ ला डिन या कंपनीवर मिराईने बाधित झालेल्या यंत्रांकडून हल्ला झाला आणि ट्विटर, नेटफ्लिक्स, रेडिट, स्पॉटिफाय अशा साइट अमेरिकेत तासन् तास अडखळत राहिल्या.

मिराईने कोणती जादू केली? साठेक नाव-पासवर्डांच्या जोड्यांची एक यादी. इंटरनेटवर टेलनेटचं दार दिसलं की यादीतली एकेक जोडी लावून बघायची. बस. आता यातला खरा तपशील ऐका. मिराईला बळी पडलेल्या कॅमेऱ्यांपैकी अनेकांत शियाँगमाय या हांगचौच्या कंपनीचे सुटे भाग होते. त्यांचा मालक वेबपानावर जाऊन आज्ञाधारकपणे पासवर्ड बदलू शकत होता; पण टेलनेटचा पासवर्ड वेगळा होता, फर्मवेअरमध्ये कोरलेला होता, आणि तो वेबपानावरून बदलायची सोयच नव्हती. कंपनीने पुढे अमेरिकेतली काही उत्पादनं परत मागवली. पण तेव्हापासून आजपर्यंत प्रत्येक सायबर जागरूकता सप्ताहात आपल्याला काय सांगितलं जातं? 'तुमचा पासवर्ड बदला.'

याला दहा वर्षं होत आली. 'तेव्हा होतं, आता सुधारलं' असं कोणी म्हणेल म्हणून ताजी उदाहरणं देतो.

अमेरिकेतल्या वाइझ या कंपनीचे स्वस्त कॅमेरे खूप खपले. बिटडिफेंडरच्या संशोधकांनी मार्च २०१९ मध्ये कंपनीला त्रुटी कळवल्या. त्यांतली एक अशी, की मेमरी कार्डावरचं चित्रण लॉगइन न करता वाचता यावं. ती दुरुस्त झाली जानेवारी २०२२ मध्ये, म्हणजे जवळजवळ तीन वर्षांनी, आणि तीही नव्या मॉडेलांपुरती. पहिलं मॉडेल तोवर बंद केलेलं होतं. त्याला दुरुस्ती मिळाली नाही आणि मिळणारही नव्हती. ज्यांनी आधी पैसे देऊन कंपनी मोठी केली तेच उघड्यावर राहिले.

दुसरं उदाहरण तैवानच्या एव्हीटेक कंपनीच्या एका मॉडेलचं. चित्र उजळ किंवा गडद करायची जी सोय असते, त्या ब्राइटनेसच्या आकड्याच्या जागी आज्ञा लिहून पाठवली की कॅमेरा ती निमूट पाळायचा. ही युक्ती किमान २०१९ पासून उघडपणे उपलब्ध होती. ऑगस्ट २०२४ मध्ये अकामाई कंपनीने दाखवून दिलं, की मिराईचाच एक नवा अवतार हे भोक वापरून कॅमेरे ताब्यात घेतो आहे. दुरुस्ती? नाही. मॉडेल काही वर्षांपूर्वीच बंद झालेलं आहे. आणि तरीही ते दुकानांत, दवाखान्यांत, वाहतुकीच्या ठिकाणी लावलेलं होतंच.

दुरुस्ती निघते तिथेही ती पोचते असं नाही. हाइकव्हिजनच्या कॅमेऱ्यांतली एक गंभीर त्रुटी सप्टेंबर २०२१ मध्ये जाहीर झाली, त्याच वेळी कंपनीने नवं फर्मवेअरही दिलं. जवळपास वर्षानंतर एका पाहणीत ८० हजारांहून जास्त कॅमेरे जुन्याच फर्मवेअरवर सापडले. साहजिक आहे. भिंतीवरच्या कॅमेऱ्याचं फर्मवेअर डाउनलोड करून स्वतः चढवणारा माणूस तुमच्या ओळखीत आहे? माझ्या ओळखीत सगळे इंजिनिअर आहेत, तरी नाही.

"आमच्या घरात काय आहे बघण्यासारखं?"

हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकला आहे की त्याचं उत्तर सविस्तर द्यायला हवं.

फेब्रुवारी २०२५ मध्ये राजकोटच्या एका प्रसूती रुग्णालयातलं चित्रण यूट्यूब आणि टेलिग्रामवर सापडलं. डॉक्टरांपुढे तपासणीसाठी झोपलेल्या बायका. पैसे देणाऱ्याला आणखी चित्रफिती मिळतील अशी व्यवस्था होती. पोलिसांनी सुरुवातीला पकडलेल्या संशयितांत दोघे आपल्याच महाराष्ट्रातले होते, लातूर आणि सांगलीकडचे. नोव्हेंबर २०२५ च्या अखेरीस दक्षिण कोरियाच्या पोलिसांनी चौघांना अटक केल्याचं जाहीर केलं. चौघांनी मिळून घरं, दवाखाने, व्यायामाच्या जागा अशा ठिकाणचे १ लाख २० हजार कॅमेरे फोडल्याचा आरोप आहे. त्यांच्यातल्या काहींचा व्यवसायही तोच: चित्रफिती विकणे.

तेव्हा तुमच्या घरात बघण्यासारखं काय आहे, हे ठरवणारे तुम्ही नाही. विकत घेणारा ठरवतो. आणि त्याला नेमकं तेच हवं असतं जे तुम्हाला अगदी साधं वाटतं: कपडे बदलणं, अंगावर पाजणं, झोपणं.

पण या प्रश्नात त्याहून खोल खोट आहे. 'आमच्या घरात' म्हणणारा बहुधा तो असतो ज्याने कॅमेरा विकत घेतला. तो दिवसभर ऑफिसात असतो. कॅमेऱ्यासमोर असतात दुसरीच माणसं: आजी, आजोबा, बाळंतीण, बाळ, बाळाला सांभाळायला येणाऱ्या मावशी, पोळ्या करायला येणाऱ्या ताई. यांपैकी कोणाला विचारून कॅमेरा लावलेला नसतो. मावशींना तर 'तुमच्यावर लक्ष ठेवायलाच' लावलेला असतो. राजकोटच्या त्या बायकांना भिंतीवर कॅमेरा आहे याची कल्पना तरी होती का? घेणारा एक आणि दिसणारी दुसरी, असा हा व्यवहार आहे. म्हणून 'ग्राहकाने सावध राहावं' हे उत्तर इथे अपुरं पडतं. सावध राहून जिचा बचाव व्हायला हवा ती ग्राहकच नाही. माझ्या घरात ग्राहक मी होतो. पातळ बदलणारी आजी होती.

चिनी, स्वस्त आणि पासवर्ड

आणखी तीन आक्षेप येतात, ते पटकन घेतो.

पहिला: चिनी माल बंद करा, प्रश्न मिटला. मार्च २०२१ मध्ये तेव्हाचे माहिती तंत्रज्ञान राज्यमंत्री, अकोल्याचे संजय धोत्रे यांनी लोकसभेत सांगितलं होतं, की सरकारी संस्थांतच चिनी कंपन्यांचे सुमारे दहा लाख कॅमेरे आहेत आणि त्यांचं चित्रण परदेशी सर्व्हरवर जाण्यासारखे दोष आहेत. ती काळजी खरी आहे, मी ती उडवून लावत नाही. पण वाइझ अमेरिकन आहे आणि एव्हीटेक तैवानी. टाकून दिलेलं सॉफ्टवेअर कुठल्या झेंड्याखाली टाकून दिलं याने हल्लेखोराला फरक पडत नाही. उद्या संपूर्ण स्वदेशी कॅमेरा आला आणि त्यालाही तीन वर्षांनी वाऱ्यावर सोडलं, तर आपण काय कमावलं?

दुसरा: अठराशे रुपयांत आणखी काय मिळणार? हा युक्तिवाद आपण प्रेशर कुकरच्या बाबतीत मान्य करत नाही. स्वस्त कुकरलाही आयएसआयचं चिन्ह लागतं, कारण तो फुटला तर माणूस भाजतो. स्वस्ताईची सूट मिळते ती शिट्टीच्या आवाजावर, सेफ्टी व्हॉल्व्हवर नाही.

तिसरा पासवर्डचा. पासवर्ड जरूर बदला. आमच्या पुण्यातल्या सोसायटीत कॅमेरे बसवणाऱ्याने डीव्हीआरला त्याच्या दुकानाचं नाव आणि पुढे एक-दोन-तीन असा पासवर्ड ठेवला होता. विचारलं तर म्हणाला, "सगळीकडे तोच ठेवतो सर, सर्व्हिसला बरं पडतं." त्याच्यावर चिडावं असं वाटलं, पण तो तरी काय करणार? दीडशे ठिकाणची कामं, प्रत्येकाचा पासवर्ड हरवलेला, आणि दर वेळी दोष त्याला. यंत्रानेच पहिल्या दिवशी वेगळा पासवर्ड मागून घ्यावा, तोपर्यंत चालूच होऊ नये, ही सोय लिहायला मला दोन दिवस लागतील. ती नसणं हा कारागिराचा आळस नाही, कंपनीचा निर्णय आहे.

कायदा कुठवर आला

आपलं सरकार अगदीच झोपलेलं नाही. केंद्राने एप्रिल २०२४ मध्ये सीसीटीव्हीसाठी सुरक्षेच्या किमान अटी अधिसूचित केल्या आणि मुदतवाढीनंतर ९ एप्रिल २०२५ पासून त्या लागू झाल्या. आता कॅमेऱ्याचं हार्डवेअर, सॉफ्टवेअर, सोर्स कोडसुद्धा मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासायला द्यावं लागतं. कंपन्यांनी कुरकुर केली, तरी हे पाऊल योग्य आहे असं माझं मत आहे.

पण ही तपासणी दारातल्या मालाची आहे. आत येऊन भिंतीवर चढलेल्या मालाचं काय? कायदा होण्याआधी विकलेले कॅमेरे उद्या सकाळी आपोआप सुरक्षित होणार नाहीत. आणि आज तपासून पास झालेला कॅमेराही तीन वर्षांनी नापास होऊ शकतो, कारण भोकं नंतर सापडतात. लिहिताना कोणालाच न दिसलेली चूक चौथ्या वर्षी कोणाला तरी दिसते. त्या दिवशी ती बुजवायला कोणी जागेवर आहे का, हाच सुरक्षेचा खरा प्रश्न आहे.

२०२३ चा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा इथे फारसा कामाचा नाही. तो माहिती हाताळणाऱ्यावर जबाबदारी टाकतो. यंत्र विकून मोकळं झालेल्यावर नाही. घरगुती वापर तर त्यातून वगळलेलाच आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सदोष वस्तूबद्दल उत्पादकाला जबाबदार धरणारं प्रकरण आहे. पण विक्रीनंतर सुरक्षा अपडेट बंद करणं हा 'दोष' आहे असं त्यात स्पष्ट शब्दांत म्हटलेलं नाही.

ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून नियम आहे, की अशा वस्तू विकताना किमान किती काळ सुरक्षा अपडेट मिळतील ते जाहीर करायचं, आणि सगळ्या वस्तूंना एकच पासवर्ड ठेवायचा नाही. युरोपीय संघाचा कायदा डिसेंबर २०२७ पासून पूर्ण लागू होईल. त्यात साधारणपणे किमान पाच वर्षांची जबाबदारी आहे. याच कंपन्या त्या बाजारात तारीख सांगतील. मग इथे सांगायला काय होतं? गेल्या महिन्यात मी लक्ष्मी रोडवरच्या एका दुकानात कॅमेऱ्यांची पाच खोकी उलटसुलट करून पाहिली. वॉरंटी होती, मेगापिक्सेल होते, 'मिलिटरी ग्रेड' असंही एकावर होतं. अपडेट कधीपर्यंत मिळणार, हे एकावरही नव्हतं. दुकानदाराला विचारलं तर त्याने वॉरंटीचं कार्ड दाखवलं.

तारीख छापा

आपल्याला हा विचार नवा नाही. घरी येणाऱ्या गॅस सिलिंडरच्या वरच्या पट्टीवर ए, बी, सी, डी यांपैकी एक अक्षर आणि वर्षाचे दोन आकडे असतात. त्या तिमाहीत त्याची चाचणी व्हायची असते. शेगडीच्या नारिंगी नळीवरही तारीख असते. माझी आजी सातवीपर्यंत शिकली आहे, पण सिलिंडर आला की चष्मा लावून ते अक्षर वाचते आणि जुनं असेल तर पोराला परत पाठवते. तिला गॅसचं रसायनशास्त्र ठाऊक असण्याची गरज नाही. तारीख वाचता आली की झालं. कॅमेऱ्यापुढे मात्र तिने, तुम्ही आणि मी फर्मवेअरचे तज्ज्ञ व्हावं अशी अपेक्षा आहे.

म्हणून मागण्या साध्या आहेत. एक: खोक्याच्या दर्शनी बाजूवर आणि खुद्द कॅमेऱ्यावर, किंमत छापता त्याच आकाराच्या अक्षरांत, सुरक्षा अपडेट मिळण्याची अखेरची तारीख छापा, ऑनलाइन विक्रीच्या पानावरही. दोन: ती तारीख उलटली की कॅमेऱ्याने स्वतः मालकाला सांगावं, त्याच्या भाषेत. ओरडून 'मोशन डिटेक्टेड' सांगता येतं, तर हेही येईल. आणि त्यानंतर बाहेरचा संपर्क तोडून फक्त घरातल्या घरात चालण्याची सोय द्यावी. तीन: अपडेट बंद करणं हा ग्राहक कायद्यात दोष ठरवा. मग स्टिकर लावणारा चिपवाल्याशी करार करतानाच किती वर्षं सांभाळशील हे विचारेल. चार: आधीच भिंतींवर असलेल्या मेलेल्या मॉडेलांची यादी सर्ट-इनने मराठीसह सगळ्या भाषांत प्रसिद्ध करावी, म्हणजे बसवणाऱ्या कारागिरापर्यंत तरी ती पोचेल.

यात अवघड काही नाही हे मी खात्रीने सांगतो, कारण मी त्याच धंद्यात आहे. मी कॅमेरे बनवत नाही, पण जुन्या आवृत्त्यांच्या तक्रारी 'दुरुस्त करणार नाही' असा शेरा मारून मीही बंद केल्या आहेत. शुक्रवारी संध्याकाळी, यादी छोटी दिसावी म्हणून. त्या तक्रारीच्या पलीकडे कोण आहे हे आम्हाला दिसत नाही, आणि दिसावं अशी कंपनीची इच्छाही नसते. नव्या मॉडेलला पैसे आहेत, जुन्या मॉडेलला फक्त खर्च. आम्ही वाईट माणसं आहोत असं नाही. पण आमच्या चांगुलपणावर कोणाची आजी अवलंबून असू नये. त्यासाठीच कायदा लागतो.

तोवर तुम्ही काय करावं, हेही थोडक्यात सांगतो. मॉडेल नंबर शोधा, शेवटचं अपडेट कधीचं ते पाहा. दोन वर्षांत काहीच आलं नसेल तर तो मेला आहे असं धरा. झोपायच्या, कपडे बदलायच्या खोलीत कॅमेरा नकोच, नवा असला तरी. राउटरमध्ये यूपीएनपी बंद करा. आणि ज्याच्यासाठी लावला आहे त्या माणसाला आधी विचारा.

वाईचा कॅमेरा मी त्याच दिवशी उतरवला. आता शेजारच्या काकू रोज सकाळी दुधाच्या वेळी हाक मारतात आणि आजीच्या गळ्यात एक बटण आहे, दाबलं की आम्हाला फोन येतो. कॅमेरा हातात घेऊन मी आजीला सगळं सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे बघत होतं का कोणी?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. तो कॅमेरा कोण आलं, कोण गेलं याची कसलीच नोंद ठेवत नाही. सहा वर्षांत कोणीच पाहिलं नसेल, किंवा रोज पाहत असेल. हे आता कोणालाच कधी कळणार नाही. तिला 'नाही' म्हणून सांगण्याचा मोह झाला. पण याआधी एकदा मी तिला एन्क्रिप्शन समजावून पंचा काढायला लावला होता, म्हणून म्हटलं, "माहीत नाही गं आजी." ती काही बोलली नाही, उठून चहा टाकायला गेली.